राजीखुशीने

दुपारी अडीचला नीरजाबाईंचा मेसेज आला. कॅनडात तेव्हा पहाटेचे तीन वाजले असणार, म्हणजे बाई झोपल्या नव्हत्या. मेसेज सभ्य होता, दोनदा ‘सर’ म्हटलेलं, आणि तरी तो वाचून मी चष्मा काढून ठेवला. ‘सर, पहिल्या पानावर राजीखुशीने या शब्दाला तुम्ही विलिंगली म्हटलंय, तिसऱ्या पानावर त्याच शब्दाला ग्लॅडली, आणि शेवटच्या पानावर व्हॉलंटरिली. मला या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. मी नेमक्या कोणत्या शब्दावर सही करतेय, सर?’ नऊ वर्षं मी भाषांतरं करतोय. त्याआधी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. एकच शब्द एका कागदात तीन तऱ्हांनी लिहायचा नाही हे मी पोरांना खडू फेकून शिकवलेलं आहे. आणि आता साठी उलटल्यावर एका बाईने साता समुद्रापलीकडून तोच खडू माझ्याकडे परत फेकला होता. लागायचा तिथेच लागला.

औरंगपुऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर, जिना चढून उजव्या हाताला, माझं टेबल आहे. खोली झेरॉक्सवाल्याची, टेबल माझं, पंखा दोघांचा. जन्मदाखले, मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं यांचं मी मराठीतून इंग्रजी करतो आणि खाली सही-शिक्का मारतो की हे मूळ मजकुराशी प्रामाणिक आहे. एकही कागद आजवर परत आलेला नाही, असं मी लोकांना न विचारता सांगतो. नीरजाबाईंचा कागद त्यांचा धाकटा भाऊ हिमांशू परवा घेऊन आला होता. आईच्या मागे राहिलेला फ्लॅट, दोन भावंडं, बहीण कॅनडात. बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र वकिलाने मराठीत तयार केलं होतं, आणि तिथल्या नोटरीला ते इंग्रजीत हवं होतं. मजकूर नेहमीचाच. अशा कागदात ‘मी राजीखुशीने, स्वसंतोषाने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे इतक्या वेळा येतं की वाचणाऱ्याला शंका यावी. कुणीच दडपण आणलं नसेल तर पानापानावर ते सांगायचं कशाला? पण ही शंका मला तरुणपणी यायची. आता मी ते शब्द दमलेल्या माणसाने जिना उतरावा तसे उतरवतो, पायरी न बघता. तसंच झालं असणार. पहिल्या पानावर सकाळ होती, तिसऱ्या पानावर दुपार, शेवटच्या पानापर्यंत माझी मान आखडली होती.

चूक सुधारायला एक मिनिट लागलं असतं. तिन्हीकडे एकच शब्द टाकायचा, माफी मागायची, मोकळं व्हायचं. मी फाइल उघडलीसुद्धा. आणि मग पहिलाच प्रश्न आला, की तिन्हीकडे कोणता? व्हॉलंटरिली सगळ्यांत सुरक्षित. त्यात कुणी हात धरून सही करून घेतली नाही, एवढंच येतं. मन कुठं होतं ते त्यात विचारलेलंच नसतं. माझी बहीण मुक्ता, तिच्या नवऱ्याने वाळूजच्या एका कंपनीतून व्हॉलंटरी रिटायरमेंट घेतली होती. घेतली म्हणजे काय, एका सोमवारी सत्तावीस माणसांना एका खोलीत बसवून फॉर्म वाटले, आणि जो सही करणार नाही त्याची बदली कुठं होईल ते तोंडी सांगितलं. सत्तावीसच्या सत्तावीस सह्या व्हॉलंटरी. त्या फॉर्मवरचा हा शब्द मीच मेव्हण्याला समजावून सांगितला होता आणि तो शांतपणे म्हणाला होता, ‘असं व्हय.’ पुढे दोन वर्षांनी तो गेला. विलिंगली जरा बरा. त्यात मन असतं, निदान मन आडवं आलेलं नसतं. बोलावल्यावर उठून जाणारा माणूस, कुरकुर न करणारा. पण कुरकुर न करणं आणि हवं असणं यांत किती अंतर आहे हे बायकांना विचारावं. आणि ग्लॅडली. ग्लॅडलीला चेहरा लागतो. देणाऱ्याच्या तोंडावर काहीतरी उमटायला लागतं. तो शब्द मी तिसऱ्या पानावर कोणत्या हिमतीने लिहिला देव जाणे. मी नीरजाबाईंचा चेहरा पाहिलेलाच नाही. मला जो चेहरा आठवत होता तो त्यांचा नव्हता. तो मुक्ताचा होता, गंगापूरच्या रजिस्ट्री ऑफिसातला, अठरा वर्षांपूर्वीचा, आणि आठवत होता म्हणजे काय, आठवत नव्हता. पदर आठवत होता. पुढे केलेल्या अंगठ्याजवळचा शाईचा डाग आठवत होता. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

बाबा वारले त्याच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही तिथं गेलो होतो. गावाकडं सहा एकर रान, आम्ही दोघं बहीणभाऊ, आई आधीच गेलेली. कायद्याने निम्मं रान मुक्ताचं. पण कायद्याचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. आमच्यात ते ठरलेलंच असतं. भाऊ तारीख ठरवतो, भावजय साडी आणते, बहीण सही करते, मग सगळे एखाद्या हॉटेलात जेवतात आणि बहिणीला जीपमध्ये बसवून देतात. बहिणीने वाटा मागितला तर दिवाळीला तिला कोण बोलावणार, हे आत्या-मावश्या चुलीपाशी आपसात बोलतात, बहिणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. माझी बायको अमृता हिने साडी चांगली आणली होती, हलकी नव्हे. ऑफिसात कारकुनाने एका दमात विचारलं, ‘बाई, रेशनकार्ड आणलं का, फोटो दोन आहेत का, राजीखुशीनं देताय ना?’ मुक्ता म्हणाली, ‘हाय.’ आता हे ‘हाय’ रेशनकार्डाचं होतं, फोटोचं होतं की तिसऱ्याचं, हे मला ठाऊक नाही. कारण त्या वेळी मी तिच्याकडे बघत नव्हतो. मी कागद वाचत होतो. मास्तर माणूस, कागद हातात आला की त्यातल्या चुका शोधायच्या. गट नंबर बरोबर आहे का, चतुःसीमा बरोबर आहे का. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं असावं. माझ्या डाव्या गालाला तशी जाणीव झाली होती एवढं नक्की. मी मान वर केली नाही. चतुःसीमेत पूर्वेचा ओढा लिहायचा राहिला होता, तो मी लिहून घेतला.

माझी समजूत मी व्यवस्थित घातली होती. तिला काय कमी आहे? नवरा कंपनीत, पुंडलिकनगरात घर, मुलगी हुशार. शेती करायला ती थोडीच येणार. मी तरी कुठं करतो. गावातला कडुबा बटाईनं, अर्ध्या पिकावर करतो, मी वर्षातून दोनदा जाऊन बांधावर उभा राहतो आणि शहाण्यासारखं काहीतरी बोलून येतो. पण सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे आणि ते बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. ‘राजी’ हा शब्द आमच्या घरात बाबांचा होता. त्यांचं, पुंजाराम पाटलांचं, शिक्षण निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत, तेही उर्दूत. म्हातारपणीही ते पिशवीवरची उर्दू अक्षरं लावून लावून वाचायचे. मुक्ताचं लग्न ठरवताना पाहुणे ओसरीत बसलेले असताना ते उठून आत आले. मुक्ता दाण्याच्या कुटाचा डबा भरत होती. सगळ्यांदेखत, माझ्यादेखत, त्यांनी विचारलं, ‘पोरी, राजी हायेस का? नसशील तर आत्ता सांग, मी बाहेर जाऊन चहा पाजून वाटंला लावतो त्यांना.’ आई तोंडात पदर घालून हसली. पोरीला असं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. मुक्ताने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाली, ‘हाय राजी.’ ते ‘हाय’ मला अजून ऐकू येतं. तेव्हाचा तिचा चेहराही मला दिसतो, अगदी नाकावरच्या घामासकट. म्हणजे माझी स्मरणशक्ती चांगली आहे. ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशीचं मला सगळं आठवतं.

साडेतीनला हिमांशूचा फोन आला. ‘सर, ताईने तुम्हाला काही मेसेज केलाय का? मलाही केलाय. कुठला तरी शब्द.’ मी म्हटलं, चूक माझी आहे, तीन ठिकाणी तीन शब्द पडलेत. ‘मग एक काहीतरी घाला ना सर. तुम्ही म्हणाल तो. उद्या सकाळी तिची नोटरीची वेळ आहे. मला आज संध्याकाळपर्यंत पाहिजे.’ मी विचारलं, ‘पण त्यांना नक्की काय म्हणायचंय? तुमचं बोलणं झालं असेल ना.’ तो हसला. वाईट माणूस नाही, बँकेत आहे, आईचं दुखणं पाच वर्षं त्यानेच काढलं. म्हणाला, ‘त्यात विचारायचं काय, सर? ती देणारच आहे. तिकडे तिला काय कमी आहे?’ बघतो म्हणून मी फोन ठेवला. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त कंटाळा आला. किती घरांत हे एकच वाक्य बोललं गेलं असेल, आणि त्याचं इंग्रजी करून किती वेळा मी शिक्का मारला असेल. झेरॉक्सवाल्याने विचारलं, ‘क्या हुआ सर, तबियत?’ मी म्हटलं काही नाही, मान धरलीय. लॅपटॉप मिटला आणि स्कूटर काढली. घरी जातो असं सांगितलं. पैठण गेटपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

क्रांती चौकातून जालना रोडला लागलो तेव्हा कळलं की मी पुंडलिकनगरकडे चाललोय. सेव्हन हिलच्या पुलाखाली सिग्नलला उभा असताना डोक्यात तीन शब्द एकामागून एक फिरत होते. मागचा हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, अठरा वर्षांत मी मुक्ताकडे किती वेळा गेलो, राखीला, भाऊबीजेला, मेव्हण्याच्या दुखण्यात, भाचीच्या, सायलीच्या नोकरीचे पेढे घ्यायला. ती दर दिवाळीला आली, तिने दर वेळी ओवाळलं. कधी एक शब्द वाकडा नाही. हा तिचा चांगुलपणा आहे असं मी धरून चाललो होतो. आता वाटत होतं की ती बाई अठरा वर्षं काहीतरी दाबून बसली असेल तर? आणि मी विचारलं आणि ती म्हणाली, तू लुबाडलंस, तर? या वयात मला दुसरी बहीण कुठून मिळणार. तिच्या घराखाली गाडी लावून मी पायरीवर बसलो आणि वर जायच्या आधी नीरजाबाईंना उत्तर लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. ‘बाई, चूक माझी आहे. पण दुरुस्ती मी करू शकत नाही. व्हॉलंटरिली म्हणजे कुणी जबरदस्ती केली नाही. विलिंगली म्हणजे तुमची तयारी आहे. ग्लॅडली म्हणजे तुम्हाला आनंद आहे. यातलं खरं कोणतं हे फक्त तुम्हाला कळेल. जो खरा असेल तो शब्द कळवा, तोच सगळीकडे घालतो. तिन्ही खोटे असतील तर सही करू नका.’ पाठवला. मग हिमांशूचा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. फार मोकळं वाटलं मला, स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला. दुसऱ्याच्या बहिणीशी प्रामाणिक वागायला काहीच लागत नाही, हे मला जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर दम खाताना कळलं.

मुक्ता मशिनवर होती. नवरा गेल्यापासून ती पिको-फॉलची कामं घेते. सायली पुण्याला नर्स आहे, आई नको म्हणते तरी पैसे पाठवते, पण हिला हाताला काम लागतं. समोर हिरवी साडी लांबच लांब पसरलेली. ‘दादा? आज कामून आलास मधेच?’ तिने मशिन थांबवलं नाही. ‘बस. आज आठ दिवसांनी नळ आलाय, सगळं भरून आत्ताच बसले बघ. पाणी ताजं हाय, घे.’ मी घेतलं. मग मी तिला नीरजाबाईंची गोष्ट सांगितली, तीन शब्दांची, हसत हसत सांगितली, जशी काही ऑफिसातली गंमत. तिला इंग्रजी बेताचं येतं, पण तिने तिन्ही शब्दांचे अर्थ नीट विचारून घेतले. ऐकताना सुई खालीवर होत होती.

‘मग काय लिहिलंस तू?’

‘तिलाच विचारलं. म्हटलं जे खरं असंल ते तूच सांग.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. आणि धागा तोडून म्हणाली, ‘लई बरं केलंस. मला नाय असं कुणी पाठवलं.’

मशिन थांबलेलं होतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मला उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही. मी म्हटलं, ‘मुक्ते, तू राजी नव्हतीस का त्या दिवशी?’

‘कोणच्या दिवशी?’ तिला माहीत होतं. पण मला ते बोलायला लावणं तिचा हक्क होता, आणि तो तिने सोडला नाही.

‘रजिस्ट्रीच्या.’

तिने साडीची घडी घालायला घेतली. काठाला काठ लावला, हाताने सपाट केला. ‘दादा, मी सकाळी घरून निघताना ठरवून निघाले होते. तू जीपमध्ये विचारशील, तवा म्हणायचं, घे बाबा, मला काय करायचं रान. जीपमध्ये तू पेपर वाचत होतास. मग म्हटलं हापिसात विचारंल. तिथं मी बघितलं तुझ्याकडं. मग म्हटलं हॉटेलात जेवताना तरी म्हणंल, मुक्ते, चालंल ना गं तुला. तू म्हणालास, भाजी तिखट हाय.’ ती जरा हसली. ‘विचारलं असतंस तर हसत दिलं असतं रे. रडत नाय, हसत. तुझा तो आनंदाचा शब्द काय तो, तसं.’

‘ग्लॅडली.’

‘व्हय. तसं.’

मला काय झालं ते सांगतो. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला सुटल्यासारखं झालं. हसत दिलं असतं. म्हणजे मनात काही नव्हतं. म्हणजे शब्द तोच होता, फक्त माझ्याकडून विचारायचा राहून गेला होता, आणि ती चूक दुरुस्त होण्यासारखी होती. मास्तरकीच्या सवयीने मी लगेच दुरुस्तीला लागलो. मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, ‘मुक्ते, चुकलंच माझं. अठरा वर्षं उशीर झाला. पण आता विचारतो.’

‘विचार,’ ती म्हणाली.

साधं वाक्य होतं, पण तोंडातून लवकर निघेना. मला पहिल्यांदाच कळत होतं की अशा वेळी माणूस खालच्या पायरीवर उभा राहतो, आणि म्हणूनच आम्ही कुणी विचारत नाही. ‘बाबांच्या रानातला तुझा वाटा मी घेऊ का? तुझ्या राजीखुशीनं?’

घडी घातलेली साडी मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि या वेळी मी नजर काढली नाही. तिचा चेहरा मी पुरता पाहिला. डोळ्यांखाली काळं झालेलं, भुवईतला एक केस पांढरा, ओठ बाबांसारखे. रागाचं काहीच नव्हतं त्यात. खरोखर विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो, ज्याला दोन्ही उत्तरं देता येतात. मी हसण्याच्या तयारीत होतो.

‘नाय,’ मुक्ता म्हणाली.

खाली कुणाच्या तरी टाकीत पाणी पडत होतं. ती उठली, साडी कपाटावर ठेवली, आणि आत जाता जाता म्हणाली, ‘पोळ्या टाकते. जेवूनच जा, दादा.’